आठ नंबरचे काळे बूट

खारेपाटातल्या माणसांना नाथा म्हात्रेचं तोंड आठवायला जरा वेळ लागेल, पाय मात्र लगेच आठवतील. रुंद, पसरट, बोटं एकमेकांशी भांडण झाल्यासारखी फटकून असलेली, आणि टाचेला अशा भेगा की त्यात पावली ठेवली तर उभी राहावी. पेणच्या खाडीकडच्या अंगाला त्याचं गाव, आणि गावाला लागून मिठागर. दहाव्या वर्षी बापानं त्याला वाफ्यात उभं केलं, तो पुढची चाळीस-बेचाळीस वर्षं तिथंच उभा राहिला.

मिठागरात पायांना मोठा मान. पावसाळा सरला की वाफ्यांची जमीन तुडवून दगडासारखी करावी लागते, नाहीतर मीठ काळं उतरतं. पंधरा-वीस माणसं खांद्याला खांदा लावून रांगेनं टाचा आपटत चालतात, आणि तीही अनवाणी. चप्पल घातली तर ती चिखलात रुतते आणि जमिनीला खड्डे पडतात. या रांगेच्या उजव्या टोकाला नाथा असायचा. जमीन नीट बसली की नाही हे तोच सांगायचा, आणि त्यानं मान हलवल्याशिवाय वाफ्यात खारं पाणी सोडत नसत.

जमीन बसल्याचं त्याला टाचेतून कळायचं, असं सगळे समजत. सुरुवातीची वीस वर्षं ते खरंही होतं. पुढं टाचेतून कळायचं हळूहळू बंद झालं आणि नाथा आवाजावरून ओळखू लागला. बसलेली जमीन वेगळी वाजते. पण ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं, आणि नाथाकडे पायांखेरीज दुसरं काही नव्हतं.

बायकोला ते ठाऊक होतं. चंद्रावती बोलायला कमी, पण नजर घारीची. मिठागरातून आलेल्या माणसाचे पाय दिवेलागणीला गोड्या पाण्यानं धुवायचे आणि खोबरेल चोळायचं, हा त्या घराचा जुना रिवाज. मीठ अंगावर ठेवलं तर ते कातडी खात बसतं, म्हणून सासूनं तिला लग्नानंतर पहिलं काम तेच शिकवलं होतं. एकदा पाय धुताना तिच्या बोटाला काहीतरी धारदार लागलं. बघते तर नाथाच्या तळव्यात कालवाची शिंप रुतलेली, नखाएवढी, आणि सभोवती मांस पांढरं पडलेलं.

"ही कवा घुसली वो?" तिनं विचारलं.

"कनची?" नाथा म्हणाला, आणि शिंप हातात घेऊन हसायला लागला. दुसऱ्या दिवशी ती त्यानं मिठागरात चार जणांना दाखवली.

चंद्रावतीला हसू आलं नाही.

मग गावच्या शाळेत एकदा तपासणीचं शिबिर भरलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं नाथाचं रक्त तपासलं, साखर निघाली. मग त्याला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवत राहिला. "लागलं की हो म्हणा," त्यानं सांगितलं. नाथा डोळे मिटून गप्प बसला. दोन्ही तळवे झाले, टाचा झाल्या, अंगठे झाले, नाथाच्या तोंडून हो निघालं नाही. बाहेर येऊन त्यानं लोकांना सांगितलं, "डागदर नुसता बसून व्हता. हात पन लावला नाय."

डॉक्टरनं चंद्रावतीला मागं थांबवून घेतलं होतं. "यांचे पाय यांना काही सांगत नाहीत," तो म्हणाला. "तेव्हा रोज तुम्ही बघा. वरून नाही, खालून. एखादा फोड चुकला तर पाय जाईल." पाय तर ती रोज धूतच होती. त्या दिवसापासून धुताना रॉकेलची चिमणी जवळ घेऊ लागली, एवढाच फरक.

पुढं एका उधाणात मिठागराचा बांध फुटला. मालकानं तो बांधला नाही. वाफ्यांत तिवरांची झुडपं उगवली, आणि नाथा ओट्यावर बसून ती उगवताना बघत राहिला. डोलवीच्या कंपनीत ठेकेदारानं त्याला वय बघून परत पाठवलं. घरात बसून खायची त्याला लाज वाटे. सून नव्हती, मुलगा नव्हता, एकुलती मुलगी बायजा रोह्याला दिलेली. कुणी बोलणारं नव्हतं, तरी तो भाकरी मोडताना खाली बघायचा.

अशात त्याचा भाचा पोपट आला. पोपट जोहे गावचा. घरचा धंदा गणपतीच्या मूर्तींचा, पण त्याला खोपोलीच्या बाजूला झालेल्या एका मोठ्या पार्कात प्लास्टरचे हत्ती रंगवायचं काम लागलं होतं. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, खोटे किल्ले, आणि सुट्टीत मुंगीला पाय ठेवायला जागा नाही एवढी माणसं. तिथं वाटांवरून दिवसभर फिरून कचरा उचलायला माणूस हवा होता.

"दहा-बारा तास चालायचा हाय, मामा," पोपट म्हणाला. "बसायचा नाय. जमंल?"

"चालायचा?" नाथाचा चेहरा दोन वर्षांनी उजळला. "चालायला मना इचारतंस?"

"पन बूट पायजेत. काले. कपडे कंपनी देते, बूट आपले. अनवाणी घेत नाय ते."

नाथानं जन्मात बूट घातला नव्हता. लग्नातसुद्धा तो चपला हातात घेऊन मांडवात गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं पेणच्या बाजारात हैबतरावांच्या दुकानात गेले. हैबतराव सत्तरीचे, चष्मा कपाळावर, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी पायाकडे बघायची सवय. नाथाचे पाय बघून त्यांनी चष्मा खाली घेतला.

"कामाला की मिरवायला?" त्यांनी विचारलं.

"दिवसभर चालायचा हाय," नाथानं सांगितलं.

"मग सकाळी कशाला आलात? पाय संध्याकाळी फुगतो. लांब चालणाऱ्यानं बूट संध्याकाळी घ्यावा." असं म्हणत त्यांनी लाकडी पट्टीवर नाथाचा पाय ठेवून मापला. नऊ नंबर, आणि तोही रुंद. त्यांनी आतून जाड, मऊ तळाचा, लेसचा जोड काढला. स्वतः खाली बसून नाथाच्या पायात चढवला, पुढून अंगठ्यानं दाबून बघितलं. "अंगठ्यापुढं एक बोट जागा हवी. आहे. आता चाला."

नाथा दुकानाच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. त्याचं तोंड पडलेलं होतं.

"ह्यात काय मजा नाय," तो म्हणाला. "पायात काय हायच नाय असा वाटतंय."

"अहो, तोच तर चांगला बूट! पायात आहे हे कळू नये."

हैबतरावांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पण ते ज्याला पाय आहेत हे कळतं त्याच्यासाठी. नाथाला नऊ नंबरच्या बुटात खरोखरच काही कळत नव्हतं. बूट आहे की नाही, पाय आहे की नाही, जमीन आहे की नाही. दारापर्यंतच्या दहा पावलांत त्याला वाटलं, आपण हवेत लटकतोय. आणि मिठागरातल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट फार खोल बसलेली असते: पायात सैल असलेली वस्तू चिखल ओढून घेतो आणि माणसाला पाडतो. पोटरीला बांधलेलं फडकंसुद्धा ते करकचून बांधतात.

"आठ नंबर काडा," नाथा म्हणाला.

"आठ तुम्हाला होणार नाही."

"काडा तर."

आठ नंबर चढवायला पोपटालाही हात लावावा लागला. पाय आत गेला, लेस ओढली, आणि नाथा उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. कित्येक वर्षांनी त्याला खालून काहीतरी कळत होतं. दुखत नव्हतं, नुसतं कुणीतरी दोन्ही पाय हातात गच्च धरल्यासारखं. तो दारापर्यंत गेला, रस्त्यावर उतरला, टाच आपटून बघितली, वाफ्यात आपटायचा तशी.

"हेच," तो म्हणाला. "हे बूट पायाला वलकतात."

"नाथाभाऊ, चावेल," हैबतराव म्हणाले. "पहिल्या तासात चावेल."

"इचारा पोपटला. मिठागरातला पाय हाय. मना काय चावत नाय."

हैबतरावांनी नऊ नंबरचा जोड पुन्हा पुढं सरकवला. पण दारात दुसरं गिऱ्हाईक आलं. त्यांनी आठ नंबरचा जोड डब्यात घातला, वर काळ्या मोज्यांची जोडी ठेवली, आणि बदलून न्यायचा असेल तर आठ दिवसांत आणा म्हणून सांगितलं.

पहिले चार-पाच दिवस काही झालं नाही. संध्याकाळी नाथा दमून यायचा, चंद्रावती पातेल्यात पाणी आणायची, बोटांच्या फटी बघायची, तळवे चिमणीच्या उजेडात उचलून बघायची. करंगळीजवळ लालसर वळ दिसला तेव्हा ती म्हणाली, "बूट बदला."

"तू गो! वल तर टोपीचा पन डोक्याला पडतो," नाथानं उडवून लावलं. तरी तिनं त्या जागेवर जास्त तेल चोळलं आणि रविवारी स्वतः बूट घेऊन पेणला जायचं ठरवलं.

रविवार उजाडायच्या आत रोह्याहून फोन आला. बायजाचं दुसरं बाळंतपण, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या, आणि तिला सासू नव्हती. चंद्रावती नेसत्या लुगड्यानिशी निघाली. सव्वा महिना तरी तिला तिकडून हलता येणार नव्हतं. निघताना तिनं पातेलं, तांब्या आणि तेलाची बाटली ओट्यावर मांडून ठेवली.

"रोज धुवा," ती म्हणाली. "आनि खालून बगा."

नाथा हो म्हणाला, आणि पहिल्या दिवशी त्यानं धुतलेही. पण गोड्या पाण्यानं पाय धुवायचे ते मीठ काढायला. बूट काढला तर पाय कोरडे, स्वच्छ, मिठाचा कण नाही, चिखलाचा ठिपका नाही. बेचाळीस वर्षांत पाय इतके निर्मळ त्यानं पाहिले नव्हते. अशा पायांना काय धुवायचं? रोह्याहून रोज फोन यायचा, "धुतलांव?" आणि तो म्हणायचा, "धुवायला कायच नाय गो. बुटात र्‍हातो तो पाय, देवाच्या पायासारखा." तिकडे नातू मांडीवर असताना चंद्रावतीला झोप लागत नसे.

मे महिना सुरू झाला. पार्कात माणसांचा पूर आला. नाथा सकाळी बूट चढवायचा तो संध्याकाळीच काढायचा, आणि मोजे तर कधी कधी तसेच ठेवून झोपायचा. सुपरवायझर म्हणायचा, तरण्या पोरांना लाजवतो म्हातारा. नाथा मान ताठ करून चालायचा. महिना लागून आठव्या दिवशी डावा मोजा काढताना तळव्याला चिकटला. त्यानं तो ओढून काढला आणि घामानं झालं असेल म्हणून दोरीवर टाकला. मोजा काळा, त्यावर काही दिसायचं नाही. सकाळी तो कडक झालेला असायचा, नाथा तो चोळून मऊ करायचा आणि पुन्हा घालायचा.

मग मुंग्या आल्या. एका सकाळी उंबऱ्याशी ठेवलेल्या बुटांकडे तांबड्या मुंग्यांची रांग चाललेली. उजव्या बुटाला वळसा घालून ती सरळ डाव्यात शिरत होती. नाथानं बूट आपटून झाडला. पार्कात पोरं बर्फाचे गोळे सांडतात, साखरेच्या पाण्यातून आपण चालतो, तेच आत गेलं असणार. दुसऱ्या दिवशी मुंग्या पुन्हा आल्या, आणि यावेळी नुसत्या बुटात नाही, दोरीवरच्या डाव्या मोज्यातही. त्यानं त्याही झाडल्या. वास येत होता, तो त्याला नव्या चामड्याचा वाटला. इतकं समोर मांडून ठेवलेलं असताना माणसाला दिसू नये, याचा राग यावा की कीव, ते सांगता येत नाही.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी घसरगुंड्यांच्या तलावावरचा माणूस आला नाही. तिथली फरशी पांढरी, भोवती गोल वाट, आणि नियम असा की तिथं कर्मचाऱ्यांनीही बूट काढायचे. सुपरवायझरनं नाथाला तिकडे धाडलं. नाथानं घाईनं बाकाखाली बूट काढले, ओले चिकट मोजे न बघता ओढले, आत कोंबले आणि फडकं बांधलेली काठी घेऊन पाणी पुसत निघाला. अनवाणी चालायला त्याला बरं वाटलं. तलावाला एक वेढा घालून तो परत सुरुवातीच्या जागी आला, आणि थबकला.

पांढऱ्या फरशीवर तांबडे ठसे होते. एकाआड एक, फक्त डाव्या पायाचे.

नाथाला वाटलं, एखाद्या लेकराचा पाय कापला, आणि ते तसंच पळतंय! त्यानं पोपटला हाक मारली. जवळच हत्तीची सोंड रंगवत बसलेला पोपट धावत आला, त्यानं ठसे बघितले आणि शिट्टीवाल्याला सांगून तलाव थांबवला. आया आपापल्या पोरांचे पाय उचलून बघू लागल्या. कुणाच्याच पायाला काही नव्हतं.

"लहान पोराचा नाय हा," नाथा वाकून म्हणाला. "मोट्या मानसाचा हाय. बग ना, केवडा रुंद." तो ठशांवर फडकं फिरवत त्यांच्या मागं निघाला. जखमी माणूस पुढं कुठंतरी बसला असेल, त्याला गाठायला हवं होतं. बाक ओलांडला, वळण ओलांडलं, ठसे पुढं होतेच. काही तर ओले ताजे. एवढं रक्त जातंय आणि मेल्याला कळत कसं नाही, असं तो पुटपुटला.

पोपट त्याच्या मागून चालत होता. तो मध्येच थांबला. नाथानं जी फरशी आत्ता पुसली होती, तिच्यावर पुन्हा ठसे उमटलेले होते.

"मामा," पोपट म्हणाला. "मामा, थांबा. पाठी बगा."

नाथानं वळून बघितलं. रुंद, पसरट, बोटं एकमेकांपासून फटकून असलेला ठसा. अख्ख्या खारेपाटानं ओळखला असता. नाथाच्याच टाचेपासून सुरू होऊन ठशांची रांग वळणापर्यंत मागं गेली होती. नाथानं काठी टेकून डावा पाय उचलला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा खालून बघितला. करंगळीखालून तळव्याच्या मध्यापर्यंत कातडी नव्हती. आत काहीतरी पांढरं दिसत होतं.

"दुखत नाय," तो पोपटला म्हणाला. "आयच्यान, अजून पन दुखत नाय."

पेणच्या दवाखान्यातून त्याला त्याच दिवशी पुढं मोठ्या दवाखान्यात नेलं. विष वर चढलेलं होतं. डॉक्टरांनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी डावा पाय पोटरीच्या मध्यावर काढला. चंद्रावतीला उशिरा कळवलं, ती रोह्याहून आली तेव्हा त्याला ऑपरेशनसाठी आत नेलेलं होतं. ती दाराबाहेर जमिनीवर बसली आणि पदर तोंडात घालून रडली. नाथाला दोष द्यावा की बायजाच्या बाळंतपणाला, तिला कळेना, म्हणून तिनं स्वतःलाच दिला.

पावसाच्या तोंडावर नाथा घरी आला. त्याला ओट्यावर बसवलं की तो तिवरांकडे बघत बसे. आठ नंबरचे बूट पोपटनं पार्कातून आणून दिले होते, ते चंद्रावतीनं खाडीत फेकले. पहिल्याच संध्याकाळी तिनं पातेल्यात गोडं पाणी आणलं, चिमणी जवळ घेतली आणि उजवा पाय धुवायला घेतला. टाच धुतली, फटी धुतल्या, तळवा उचलून खालून बघितला. नाथा खाली बघत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि ओठ दाताखाली धरलेला.

"काय व्हतंय?" तिनं विचारलं.

"डावा गो," नाथा म्हणाला. "डावा बूट काड. लय घट्ट झालाय. चावतोय."

चंद्रावतीनं तांब्या खाली ठेवला. डाव्या बाजूला पोटरीखाली नुसती फरशी होती. ती तिथं सरकून बसली, दोन्ही हात फरशीजवळ नेले, आणि जिथं लेस असायची तिथं बोटं हलवत राहिली, गाठ सोडल्यासारखी.

"सुटली?" तिनं विचारलं.

"नाय," नाथा कण्हला. "अजून ओड."

ती ओढत राहिली.